गाडीची सर्व्हिसिंग कुठे करावी? कंपनीचं केंद्र, गावातलं गॅरेज की थेट नागपूर

वर्धा जिल्ह्यात नोंदणी झालेल्या गाडीला एमएच ३२ हा क्रमांक मिळतो. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांची देखभाल एमएच ३१च्या हद्दीत, म्हणजे नागपुरात होते. काही ब्रँडचं अधिकृत केंद्र जवळ नसतं म्हणून, काहींचं असूनही त्यावर विश्वास नसतो म्हणून, आणि काही वेळा गाडी नागपूरच्या शोरूममधून घेतली होती म्हणून. दुसरीकडे आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, सेलू अशा प्रत्येक गावात 'हातात जादू असलेला' एखादा मिस्त्री असतो आणि निम्म्या किमतीत काम करून देतो असं शेजारी सांगत असतात.

निवड चुकली तर दोन प्रकारे नुकसान होतं. एकतर वर्षाकाठी काही हजार रुपये विनाकारण जातात. नाहीतर वॉरंटी, इंजिन किंवा ब्रेक यांपैकी काहीतरी पणाला लागतं. हा निर्णय गाडीचं वय, इंजिनाचा प्रकार, अंतर आणि गॅरेजची कुवत यांवर अवलंबून असतो. 'कंपनीचंच चांगलं' किंवा 'कंपनीवाले लुटतात' या दोन्ही सरसकट मतांचा इथे फारसा उपयोग नाही.

सर्व्हिसिंगमध्ये नेमकं काय होतं?

नियमित सर्व्हिसिंग म्हणजे दुरुस्ती नव्हे. ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, झिजणाऱ्या वस्तू बदलणं आणि बाकीच्या तपासणं एवढंच ते काम असतं. पेट्रोल गाडीत इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर दर वेळी बदलतात. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट आणि ब्रेक ऑइल यांचं वेळापत्रक वेगवेगळं असतं. ब्रेक पॅड, टायर, सस्पेन्शन, बेल्ट आणि बॅटरी यांची तपासणी होते.

भारतातल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांसाठी हा टप्पा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा असतो. वर्ध्यात राहून रोज नागपूरला नोकरीसाठी गाडीने जाणारा माणूस जाऊन-येऊन सुमारे १५० किलोमीटर चालतो. त्याचे १०,००० किलोमीटर ६७ कामाच्या दिवसांत, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत पूर्ण होतात. वर्ध्याहून सेवाग्रामच्या रुग्णालयात रोज ड्युटीला जाणाऱ्याचे मात्र वर्षभरात सहा हजारही होत नाहीत. त्याने किलोमीटरची वाट न पाहता वर्ष पूर्ण होताच गाडी न्यायला हवी. उलट त्याच्या गाडीला जास्त जपावं लागतं, कारण इंजिन नीट तापण्याआधीच बंद होणाऱ्या छोट्या फेऱ्या ऑइल लवकर खराब करतात.

गाडीच्या पुस्तिकेत 'कठीण परिस्थिती'साठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, ते फार कमी लोक उघडतात. धूळ, तीव्र उष्णता आणि छोट्या फेऱ्या हे तिन्ही त्या यादीत येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आणि शेतरस्त्यांची धूळ अंगावर घेणाऱ्या या जिल्ह्यात ती पानं वाचण्यासारखी आहेत. एअर फिल्टर वेळेआधी तुंबतो. उन्हाळ्यात बॅटरीची झीज वेगाने होते आणि ती अनेकदा पहिल्या पावसात किंवा थंडीत दगा देते. पावसाळ्यात काळी माती चाकांच्या आतल्या बाजूला आणि गाडीखाली थापली जाते. ती वेळेवर धुतली नाही तर चाकांचा तोल बिघडतो. अशी धुलाई कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरवरही होते, त्यासाठी अधिकृत केंद्राची गरज नाही.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का?

सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नावर आहे, आणि यामागे देशातला एक मोठा खटला आहे.

२०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. मूळ सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणं खुल्या बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला कंपनीच्या डीलरकडेच जावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. चौकशी पुढे इतर कंपन्यांपर्यंत पोहोचली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. काही सुट्या भागांवर मूळ खर्चाच्या कित्येक पट किंमत लावली जात असल्याचं या प्रकरणात समोर आलं.

वर्ध्यातल्या गाडीमालकासाठी दंडापेक्षा त्या आदेशातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, असं आयोगाने म्हटलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल, तर तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून द्यावी, असंही आदेशात होतं.

पण कंपन्या या आदेशाविरुद्ध लढल्या. काहींनी अपील न्यायाधिकरणाचा, तर काहींनी उच्च न्यायालयाचा रस्ता धरला. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्या प्रकरणात आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला, मात्र दंडाची रक्कम बरीच कमी केली. त्यानंतरही न्यायालयीन लढाई चालू राहिली.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. तिथे कंपन्यांनी दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. 'दुरुस्तीचा हक्क कायदा आला' असं जे ऐकायला मिळतं ते बरोबर नाही. हे माहितीचं पोर्टल आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. तत्त्व ग्राहकाच्या बाजूने आहे, पण वॉरंटी पुस्तिकेत 'ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात करावी' अशी अट बहुधा असतेच. उद्या गिअरबॉक्स बिघडला आणि कंपनीने त्या अटीवर बोट ठेवलं, तर वाद घालणं, तज्ज्ञाचा अहवाल मिळवणं आणि तारखांना जाणं हे सगळं मालकाच्या माथी येतं. सर्व्हिसिंगमागे हजार-दोन हजार वाचवण्यासाठी हा धोका घेण्यात शहाणपणा नाही. म्हणून वॉरंटी चालू असेपर्यंत वेळापत्रकातली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करावी. मारुतीने जुलै २०२४ पासून आपल्या गाड्यांची मूळ वॉरंटी दोनवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. वाढीव वॉरंटी विकत घेतली असेल तर हा काळ आणखी लांबतो. पहिल्या काही सर्व्हिसिंगला मजुरीही लागत नाही, ऑइल आणि फिल्टरचेच पैसे द्यावे लागतात. त्या मोफत सर्व्हिसिंग सोडून बाहेर जाणं म्हणजे आधीच दिलेले पैसे सोडून देणं.

टायर, बॅटरी, व्हील अलाइनमेंट, पंक्चर आणि धुलाई ही कामं मात्र वॉरंटीच्या काळातही बाहेर बिनधास्त करता येतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची असते. एक काळजी घ्यावी लागते. जादा दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम किंवा रिव्हर्स कॅमेरा बसवताना मूळ वायर कापली, तर विजेच्या वायरिंगवरची वॉरंटी नाकारायला कंपनीला खरंखुरं कारण मिळतं.

रिकॉलचा विषय वेगळा. एखाद्या भागात निर्मितीचाच दोष असल्याने कंपनी गाड्या परत बोलावते, तेव्हा ते काम अधिकृत केंद्रात मोफत होतं. वॉरंटी संपली असली तरीही. गाडी सेकंड हँड घेतलेली असेल तर कंपनीचं पत्र जुन्या मालकाकडे जाण्याची शक्यता असते. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकून एकदा तपासलेलं बरं.

अंतराचा हिशेब

वर्धा ते नागपूर अंतर सुमारे ७५ किलोमीटर. जाऊन-येऊन १५० किलोमीटरला लिटरमागे १५चा ॲव्हरेज धरला तर १० लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे हजार रुपयांच्या वर. टोल वेगळा आणि दिवस मोडतो तो वेगळाच. त्यामुळे नागपूरचं बिल स्थानिक केंद्रापेक्षा ५०० रुपयांनी कमी आलं तरी तो सौदा तोट्याचाच आहे. नागपूरला जायचंच असेल तर ते इतर कामाला जोडून जावं. सकाळी गाडी सोपवून रेल्वेने परत येणं आणि दुसऱ्या दिवशी घ्यायला जाणं, हेही वर्धा, सिंदी किंवा हिंगणघाटच्या लोकांना जमण्यासारखं आहे.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही चित्र सारखं नाही. कारंजा घाडगे आणि तळेगाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहेत. त्यांना वर्धा शहरात येण्यापेक्षा त्या रस्त्याने कुठल्यातरी मोठ्या शहरात जाणं सोपं पडतं, आणि दोन शहरांतल्या केंद्रांचे दर विचारून पाहता येतात. हिंगणघाट आणि जाम चौरस्ता नागपूर-हैदराबाद महामार्गावर असल्याने तिथे गॅरेजची कमतरता नाही, पण त्यातली बरीच मोठ्या गाड्यांची. ट्रकवर हात बसलेला मिस्त्री उत्तम कारागीर असू शकतो. तरी छोट्या पेट्रोल कारच्या संगणकीय दोषाचं काम त्याच्याकडे देऊ नये.

आपल्या ब्रँडचं केंद्र जवळ आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून पाहता येतं. वर्ध्याचा ४४२००१, आर्वीचा ४४२२०१, हिंगणघाटचा ४४२३०१. नवी गाडी घेण्याआधीच हे पाहणं जास्त उपयोगाचं. ज्या ब्रँडचं सर्वात जवळचं केंद्र नागपुरात आहे, त्या गाडीच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला वरचे हजार रुपये आणि एक दिवस जोडलेलाच असतो. शोरूममध्ये हा खर्च कुणी सांगत नाही. काही कंपन्या यंत्रं बसवलेली फिरती व्हॅन पाठवतात. तालुक्याच्या गावात ती कधी आणि कुठे येते, हे केंद्राला फोन करून विचारावं.

वॉरंटी संपल्यावर

इथे पर्याय खुले होतात. अधिकृत केंद्र, बॉश कार सर्व्हिस किंवा मायटीव्हीएससारख्या अनेक ब्रँडची कामं करणाऱ्या साखळ्यांचं जवळचं केंद्र, किंवा स्वतंत्र गॅरेज. चार-पाच वर्षं जुन्या साध्या पेट्रोल गाडीसाठी चांगलं स्वतंत्र गॅरेज बहुतेक वेळा सर्वात फायद्याचं ठरतं. तिथे मजुरी कमी असते, काम डोळ्यांसमोर होतं आणि 'हे अजून सहा महिने चालेल' असं सांगणारा माणूस समोर असतो. मोठ्या केंद्रात गाडी एकजण घेतो, दुसरा काम करतो आणि तिसरा परत देतो. प्रत्यक्ष हात लावणारा मेकॅनिक भेटतच नाही.

काही गाड्या मात्र वॉरंटीनंतरही अधिकृत किंवा पूर्ण सुसज्ज केंद्राकडेच न्याव्यात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हायब्रिड आणि बीएस-६ डिझेल या त्यातल्या मुख्य. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि त्याला ठरावीक दर्जाचंच ऑइल लागतं. चुकीचं ऑइल घातलं तर पुढचा खर्च मोठा असतो. इलेक्ट्रिक गाडीत ऑइल नसलं तरी उच्च दाबाची वीज असते, आणि अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षांची वॉरंटी देतात. तोपर्यंत बाहेरच्या हाताचा प्रश्नच येत नाही. सीएनजी गाडीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी परवानाधारक केंद्रातच होते.

चांगलं गॅरेज कसं ओळखायचं?

बोर्ड, टाइल्सची फरशी आणि एसी प्रतीक्षागृह यांवरून काही कळत नाही. पहिली परीक्षा ऑइलची. गाडीच्या पुस्तिकेत ऑइलची श्रेणी लिहिलेली असते. नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल लागतं. 'तुमच्या गाडीला कोणतं ऑइल घालता?' या प्रश्नावर जो पुस्तिका किंवा मॉडेलचं वर्ष विचारतो तो माणूस कामाचा. 'सगळ्यांना हेच चालतं' म्हणत ड्रमकडे बोट दाखवणाऱ्याला नमस्कार करावा. उन्हाळा कडक म्हणून जाड ऑइल घालण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. ती अ‍ॅम्बेसेडरच्या काळात ठीक होती.

दुसरी परीक्षा स्कॅनरची. आजच्या इंजिनात 'चेक इंजिन'चा दिवा लागला की दोषाचा कोड संगणकातून वाचावा लागतो. स्कॅनर नसलेलं गॅरेज अंदाजाने एकेक भाग बदलत जातं आणि त्या अंदाजाचे पैसे मालक भरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सुटे भाग. इथे 'ओरिजिनल की डुप्लिकेट' अशी दोनच नावं घेतली जातात, पण प्रकार तीन आहेत. पहिला, कंपनीच्या खोक्यातला भाग. दुसरा, जो उत्पादक कंपनीला माल पुरवतो त्याच्याच नावाने बाजारात मिळणारा भाग, उदाहरणार्थ बॉशचे प्लग. याचा दर्जा चांगला आणि किंमत बहुधा कमी असते. तिसरा, नामांकित खोक्याची नक्कल करणारा बनावट माल. ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर आणि टायमिंग बेल्ट यांत हा तिसरा प्रकार जिवावर बेतू शकतो. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून भाग स्वतः आणून देणं आणि गॅरेजला फक्त मजुरी देणं हा मार्ग जिल्ह्यात अनेक जण वापरतात. तो योग्य आहे, फक्त मिस्त्रीशी आधी बोलून घ्यावं. काढलेले जुने भाग परत मागावेत. नवीन फिल्टर बसला की जुनाच पुसून ठेवला, हे त्यावरूनच कळतं.

नव्या गॅरेजची पारख करायला पहिल्याच दिवशी क्लच किंवा इंजिनाचं काम देऊ नये. आधी ऑइल बदलून घ्यावं. दुसऱ्या दिवशी गाडीखाली डाग दिसतो का, डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर तर नाही ना, आणि ड्रेन बोल्टचे कोपरे घासलेले आहेत का हे पाहावं. एवढ्यावरून हात कळतो.

बिलात वाढणारे शब्द

अधिकृत केंद्राचं बिल फुगतं ते बहुतेक वेळा जादा कामांनी. इंजिन फ्लशिंग, डिकार्बनायझिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, हेडलॅम्प पॉलिश. यातलं प्रत्येक काम खोटं नसतं. दहा वर्षं जुन्या, अडखळणाऱ्या इंजिनाला थ्रॉटल क्लीनिंगचा फरक पडतो. पण १५,००० किलोमीटर चाललेल्या नव्या गाडीला त्यातलं क्वचितच काही लागतं. पुस्तिकेच्या वेळापत्रकात हे काम या टप्प्यावर लिहिलेलं आहे का, एवढा एकच प्रश्न विचारावा. नसेल आणि गाडीची तक्रारही नसेल तर नकार द्यावा. त्याने वॉरंटीला धक्का लागत नाही.

गाडी देताना जॉब कार्डवर अंदाजे रक्कम, किलोमीटर आणि पेट्रोलची पातळी लिहून घ्यावी, आणि 'विचारल्याशिवाय जादा काम करू नये' असंही नमूद करावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. जुना दर लावलेलं बिल आलं तर तिथेच दाखवून द्यावं. सेवा देणाऱ्या छोट्या गॅरेजची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. तरीही तारीख, गाडी क्रमांक, किलोमीटर आणि कामाचा तपशील असलेली सही-शिक्क्याची पावती देता येतेच. अशा पावत्यांची फाइल गाडी विकताना कामी येते, कारण अधिकृत केंद्राच्या संगणकात बाहेरच्या कामाची नोंद नसते.

काम बिघडलं तर

आधी केंद्राच्या व्यवस्थापकाला आणि मग कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवावं. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक आयोग आहे. पूर्वी नागपूरच्या केंद्राविरुद्ध तक्रार करायची तर अनेकदा नागपुरातच जावं लागे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने हे बदललं. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे काम नागपुरात बिघडलं असलं तरी वर्ध्याच्या रहिवाशाला वर्ध्याच्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सोबत जॉब कार्ड, बिल आणि लेखी तक्रारीची प्रत लागते. गावातल्या बिनबोर्डाच्या गॅरेजलाही हाच कायदा लागू होतो. अडचण येते ती तिथे पावती घेतलेली नसते म्हणून.